सोयाबीनचा उतारा वाढवायचा, पण खर्च कुठे थांबवायचा?

दादा, तुमचं कोरडवाहू तीन एकर, एकरी पाच क्विंटल. बांधाला बांध लागून असलेल्याला आठ. टॉनिकच्या दोन फवारण्या वाढवू का, असं विचारलंत. माझं उत्तर: नको. या तीन क्विंटलमधला बराचसा फरक पेरणीच्या आठवड्यातच पडतो, आणि तो भरून काढायला फार पैसा लागत नाही.

आधी बियाणं. सोयाबीनचं टरफल नाजूक. मळणीत, पोती आपटण्यात मार बसला की दाणा वरून चांगला दिसतो, पण उगवत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि सातव्या दिवशी मोजा. शंभरातले 70 धड कोंब निघाले तर एकरी 30 किलो पुरे. 60 निघाले तर 35 किलो. त्याखाली असेल तर ते बियाणं पेरूच नका. सोयाबीन सरळ वाण, म्हणजे संकरित नसल्याने चांगलं राखलेलं घरचं बी चालतं, दरवर्षी बॅग घ्यायची गरज नाही. आधी बुरशीनाशक, शेवटी पेरणीआधी रायझोबियम (मुळांना हवेतला नत्र मिळवून देणारं जिवाणू खत) चोळा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची तिफण काढू नका. दुबार पेरणीइतका तोटा कशातच नाही.

खतात फक्त डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) टाकत असाल तर गंधक मिळत नाही, आणि तेलबियाला ते लागतंच. म्हणून एकरी तीन पोती गंधक असलेलं सिंगल सुपर फॉस्फेट, साधारण 25 किलो युरिया, 20 किलो पोटॅश. माती परीक्षणात पोटॅश भरपूर दिसलं तर तेही वाचवा.

भारी जमीन असेल तर पेरताना सहा ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडून तिथे सरी पाडा. जास्तीचं पाणी निघून जातं, पावसाच्या खंडात ओल टिकते, बियाणंही कमी लागतं. तण पहिल्या महिन्यातच आवरा. फुलं लागल्यावर डवरणी केली तर मुळ्या तुटतात.

आता हिशेब. 2024-25 ला हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, तरी बाजारात कित्येकांना चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. त्यातून कापणी, मळणी, हमाली वजा करा. वाढीव क्विंटलसाठी त्याहून जास्त ओतावं लागत असेल, तर शेजाऱ्याचा आकडा गाठायचा हट्ट सोडा. टॉनिकचे पैसे राखून ठेवा. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली आणि कुणाच्या विहिरीचं पाणी मिळालं, तर शेंगा भरताना पाण्याची एक पाळी त्या पैशांतून द्या.