वाचकांचे प्रश्न : भूमिगत कॉमिक्सचे वेड

प्रश्न : मी परभणीचा वाचक असून मला भूमिगत कॉमिक्सचे वेड आहे, पण घरचे त्याला पोरखेळ म्हणतात. आपले मत कळवावे.

उत्तर : हा पोरखेळ मुळीच नव्हे. भूमिगत कॉमिक्स म्हणजे मोठ्या प्रकाशकांच्या चौकटीबाहेर, त्यांचे नियम झुगारून काढलेल्या चित्रकथा. १९५४ मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी कॉमिक्स कोड ही स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता स्वीकारल्यावर लैंगिकता आणि सत्तेची अप्रतिष्ठा करणारे चित्रण हद्दपार झाले. ही कोंडी फोडणाऱ्या व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्ब यांच्या 'झॅप कॉमिक्स'चा पहिला अंक १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर चक्क बाबागाडीतून विकला गेला. घरच्यांच्या हाती मात्र आधी ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' (१९९४) द्यावे. नर्मदेच्या धरणग्रस्तांची ती चित्रकथा जायकवाडीत गावे बुडालेल्या मराठवाड्याला परकी वाटणार नाही.