इंद्यालसोबत कुठली वाइन?
वाचकांचे प्रश्न : नाताळ आणि एकतीस डिसेंबर विशेष

प्रश्न : नाताळच्या जेवणाला आम्ही बारा जण असू, त्यातले तिघे पीत नाहीत. तळलेलं पापलेट, पोर्कचं इंद्याल आणि फुगे (तळलेले गोल पाव), ओव्हनमध्ये भाजलेली कोंबडी, शेवटी केक असा बेत आहे. कुठल्या वाइन आणाव्यात आणि किती? – एक वाचक, वसई

‘मांसाला रेड, माशाला व्हाइट’ हा नियम आपल्या जेवणाला अर्धाच लागू पडतो. तो ज्या जेवणासाठी झाला त्यात मिरची नव्हती. आपल्याकडे वाइन ठरवायची ती मसाल्यावरून, मांसावरून नव्हे.

तुमच्या बेतात अवघड पदार्थ एकच, इंद्याल. त्यात मिरची आहे, व्हिनेगर आहे आणि डुकराची चरबीही आहे. बहुतेक जण इथे भारीतली कॅबरने किंवा ओकच्या पिंपात मुरवलेली शिराझ उघडतात आणि फसतात. रेड वाइनचा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात. शिवाय व्हिनेगरपुढे कमी आंबट वाइन फिकी, पाणचट लागते. इंद्यालला हवी ती किंचित गोडसर, चांगली आंबट आणि थंडगार वाइन. नाशिकच्या चेनिन ब्लांक या व्हाइटमध्ये बहुधा हे सगळं असतं. सुलाची चेनिन तशीच गोडसर आहे. दुसऱ्या कंपनीची घेत असाल तर ती ‘ड्राय’ (गोडवा नसलेली) नाही ना, हे लेबलवर बघा. अल्कोहोल १४ टक्क्यांऐवजी १२ च्या आसपास असेल तर उत्तम.

पापलेटाला सोव्हिन्यों ब्लां ही व्हाइट किंवा ब्रूट स्पार्कलिंग (बुडबुड्यांची, फारशी गोड नसलेली) द्या. लिंबू पिळल्यावर जे होतं तेच काम तिचा आंबटपणा करतो, आणि रव्याच्या कुरकुरीत थराचं तेल जिभेवरून साफ होतं. माशासोबत रेड टाळा. तिच्यातला लोहाचा अंश माशाच्या तेलाशी जुळला की तोंडात हिवस वास राहतो.

भाजलेल्या कोंबडीला हलकी रेड चालते. अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेझे चांगली, कारण तिच्यात आंबटपणा आहे आणि तुरटपणा बेताचा. कोंबडीला बॉटल मसाला (ईस्ट इंडियन घरांतला तिखट मसाला) चोळणार असाल तर मात्र रेडऐवजी रोझे (गुलाबी वाइन) काढा.

आता हिशेब. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. पिणारे नऊ, प्रत्येकी तीन ग्लास धरले तर सत्तावीस ग्लास, म्हणजे सहा बाटल्या. एक ब्रूट (नऊ जणांना सुरुवातीला ८० मिली पुरतात), दोन चेनिन, एक सोव्हिन्यों, दोन रेड. केकसाठी ३७५ मिलीची लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड) चेनिनची छोटी बाटली घ्या. ती ४० मिलीच्या मापाने बरोबर नऊ जणांना पुरते. वर एक जादा चेनिन ठेवा, पण स्क्रू कॅपची. नाही उघडली तर पुढच्या रविवारी कामी येईल.

न पिणाऱ्या तिघांनाही त्याच ग्लासातून कोकम सरबत द्या, मात्र साखर कमी आणि सोडा घालून. इंद्यालसोबत तेही छान जातं.

प्रश्न : केकसोबत शॅम्पेनसारखी वाइन दिली तर ती आंबट लागली. बाटली खराब होती का? – एक वाचक, नाशिक

बाटली ठीक असावी. ब्रूटमध्ये लिटरला जास्तीत जास्त १२ ग्रॅम साखर असते. तोंडात केकचा गोडवा असताना तेवढी साखर जाणवतच नाही, उरतो तो नुसता आंबटपणा. गोडासोबतची वाइन त्या गोडाहून गोड हवी, हा नियम मात्र कुठेही मोडत नाही. मनुका-काजू घातलेल्या गडद प्लम केकला आपल्याकडे ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी गोड रेड शोभते. बेबिंकाला नारळाचा रस आणि अंड्याचा बलक असतो, तिथे लेट हार्वेस्ट बरी. ब्रूट जेवणाआधी संपवा.

प्रश्न : रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी म्हणतात. मग फ्रिजमध्ये ठेवू नये का? – एक वाचक, ठाणे

ठेवावी. ती ‘खोली’ युरोपातली, १५ ते १८ अंशांची. मुंबई-ठाण्यात डिसेंबरच्या संध्याकाळीही दहा-बारा जण जमलेल्या खोलीत २७-२८ अंश सहज असतात. त्या तापमानाला रेडमधून आधी अल्कोहोलचाच भपका येतो. वाढण्याआधी पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली की पुरे. व्हाइट आणि रोझे ८ ते १२ अंश, त्यासाठी अडीच-तीन तास फ्रिज. स्पार्कलिंग ६ ते ८ अंश.

फ्रिजमध्ये जागा नसते, कारण तिथे मटण आणि पुडिंग असतं. मग बादली घ्या. निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर जाडं मीठ, आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. वीसेक मिनिटांत थंड होते. नुसत्या बर्फात हे होत नाही, कारण खड्यांमधली हवा थंडी पोचू देत नाही. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. ठेवून विसरलं की वाइन गोठून फुगते आणि बूच वर येतं किंवा काच तडकते. स्पार्कलिंगची बाटली तर फुटूही शकते.

प्रश्न : स्पार्कलिंग उघडताना निम्मी फरशीवर जाते. – एक वाचक, नागपूर

बाटली कोमट असते किंवा हिंदकळलेली असते, बहुधा दोन्ही. आतला दाब सहा वातावरणांपर्यंत असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. म्हणून आधी तीन तास थंड करा आणि तासभर हलवू नका. वरचा कागद काढा. तारेचा फास सहा अर्धे फेरे देऊन सैल करा, पण काढू नका, आणि इथून पुढे अंगठा बुचावरून हलवू नका. बाटली ४५ अंशात तिरकी धरा, तोंड माणसांकडे किंवा दिव्याकडे नको. वरून रुमाल घाला. आता बूच घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली फिरवा. बूच वर सरकू लागलं की त्याला उलट दाबून रोखा आणि थोडं कलतं करा, म्हणजे हवा बाजूने सुटेल. ‘फुस्स’ एवढाच आवाज आला पाहिजे. ‘ठॉक’ झाला तर वाइनही गेली आणि कदाचित ट्यूबलाइटही.

प्रश्न : एकतीसला शाकाहारी जेवण आहे : अळूवडी, भरली वांगी, मसालेभात. – एक वाचक, पुणे

अळूवडीत चिंच-गूळ असतो, तिला चेनिन किंवा सोव्हिन्यों. भरल्या वांग्यात शेंगदाणे, खोबरं, गोडा मसाला, म्हणून रोझे. तीच मसालेभातालाही चालेल, वेगळी बाटली नको. ठेचा ताटात असेल तर त्याच्यासोबत वाइनचा घोट घेऊ नका. ठेच्यापुढे कुठलीच टिकत नाही.

प्रश्न : व्हाइट वाइन जितकी जुनी तितकी चांगली ना? – एक वाचक, सातारा

आपल्याकडच्या बहुतेक व्हाइटसाठी उलटं आहे. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची तोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणजे बाटलीवर यंदाचं साल असेल तर ती डिसेंबरपर्यंत नऊ-दहा महिन्यांची झालेली असते. तीच घ्या, फार तर मागच्या सालची. दुकानात दिव्याखाली, काचेच्या कपाटात उभी असलेली बाटली नको, आतली मागा. व्हाइट पिवळीधमक, तपकिरी दिसत असेल किंवा बूच तोंडाबाहेर आलेलं असेल तर ती उन्हात तापलेली आहे. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष. तो थोडा वेळ ठेवून जात नाही.

प्रश्न : गोव्यात स्वस्त मिळते, येताना सहा बाटल्या आणू का? – एक वाचक, कोल्हापूर

नको. महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क न भरलेली दारू परवान्याशिवाय इथे आणणं गुन्हा आहे, आणि डिसेंबरात इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या उघडून बघतात.