व्यायामाचा तास आणि वजनकाटा

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. शाळेत जूनपासून आठवड्यातून तीन दिवस नियमित व्यायाम घेतात, तरी दिवाळीपर्यंत त्याचे वजन दोन किलोंनी वाढले. मग या व्यायामाचा उपयोग काय?
– एक पालक, सातारा

उत्तर : वजनकाटा चरबी, स्नायू, हाडे आणि पाणी यांची बेरीज दाखवतो; त्यांतले नेमके काय वाढले, हे सांगत नाही. या वयात मुलांची उंची झपाट्याने वाढते आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे स्नायू भरू लागतात, त्यामुळे वजन वाढणे स्वाभाविक आहे. (मुलींमध्ये याच वयात चरबीचे प्रमाण निसर्गतः वाढते, त्यावरून त्यांना टोकू नये.) शालेय व्यायामावरील अनेक प्रयोगांचा २००९ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही बीएमआयमध्ये (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणाऱ्या आकड्यात) फारसा फरक आढळला नव्हता, मात्र बीएमआयलाही स्नायू आणि चरबी वेगळी ओळखता येत नाहीत.

तासात प्रत्यक्ष काय चालते, हे मात्र जरूर विचारा. हजेरी आणि रांगांतच निम्मा वेळ जात असेल, तर परिणाम कसा दिसणार? खो-खोतही एक जण पाठलाग करतो, तेव्हा त्याचे आठ सोबती बसलेले असतात. जागतिक आरोग्य संघटना या वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सुचवते; दंड-बैठका त्यासाठी उत्तम. दर तीन महिन्यांनी उंची आणि कमरेचा घेर मोजा; घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असल्यास काळजी नको.