लेकीला कोर्टाने वेगळा वकील दिला, आता आईने काय करायचं?

प्रश्न: मी पुण्यात सिंहगड रोडला माहेरी राहते. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. नवऱ्याने कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केलाय आणि त्यातच मुलीचा ताबा मागितलाय. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी त्याला मुलगी भेटायला द्यायची असा हंगामी हुकूम आहे, पण चार महिने झाले, ती जायलाच तयार नाही. मागच्या तारखेला जज मॅडमनी मुलीसाठी वेगळ्या वकीलबाई नेमल्या. फी दोघांनी निम्मी-निम्मी द्यायची म्हणे. आम्ही दोघांपैकी कुणीच तसा अर्ज केला नव्हता. या बाई माझ्या विरुद्ध आहेत का? त्यांच्याऐवजी माझा मावसभाऊ वकील आहे, तो मुलीतर्फे उभा राहिला तर चालेल का? मुलीने त्यांना काय सांगायचं ते मी समजावून ठेवू का? माझा पगार अठरा हजार आहे, फी कुठून देऊ? माझे वकील नुसतं ‘बघू’ म्हणतात.

उत्तर: ताई, तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण हातातली केस बिघडायची असेल तर तिथेच बिघडेल. मुलीला काहीही समजावून ठेवू नका. अगदी ‘खरं तेच सांग हं बाळा’ एवढंसुद्धा चार-चारदा नको. त्या वयाच्या मुलांना आईला नेमकं काय हवंय ते न सांगताही कळतं.

पढवलेलं मूल ओळखू येतं. जजच्या खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये, किंवा वकिलासमोर अकरा वर्षांची मुलगी ‘बाबांनी माझ्याकडे सातत्याने दुर्लक्ष करून मानसिक त्रास दिला’ असं म्हणाली की ऐकणारा लिहायचं थांबतो. ते वाक्य अर्जाच्या सातव्या परिच्छेदातलं असतं, सहावीतल्या मुलीचं नसतं. तीच मुलगी जर म्हणाली, ‘बाबांकडे गेलं की ते लॅपटॉपवरच असतात, आजी आईला नावं ठेवते आणि माझा शनिवारचा कथ्थकचा क्लास बुडतो’, तर ते उतरवून घेतलं जातं. या तीनपैकी एका गोष्टीवर तर लगेच तोडगासुद्धा निघतो, क्लासची वेळ सोडून भेट ठेवता येते. तुमच्या मुलीच्या नकारामागे काय आहे, हे आज तुम्हालाही पूर्ण माहीत नसेल. ते शोधायलाच बहुधा या बाईंना नेमलंय.

कुणी न मागता नेमलं कसं? कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे या कोर्टात पक्षकाराला वकील लावण्याचा हक्क आपसूक मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते. एकीकडे हे, आणि दुसरीकडे मुंबई हायकोर्टाने आपल्या राज्यातल्या कौटुंबिक न्यायालयांसाठी १९८८ साली जे नियम केले, त्यात दाव्याची झळ ज्याला बसते अशा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलासाठी स्वतंत्र वकील नेमायचा अधिकार कोर्टाला दिला आणि त्याच्या फीबद्दल निर्देश द्यायची मुभाही ठेवली. त्यासाठी कुणी अर्ज करायची गरज नाही. नियम चांगला आहे. माझी तक्रार एवढीच की तो वापरला फार कमी जातो. मुलांचं म्हणणं ऐकायची पद्धत आपल्याकडे बहुतेक वेळा काउन्सेलरशी बोलणं आणि जजसाहेबांशी चेंबरमध्ये बोलणं, एवढ्यावरच संपते. खरं तर संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार भारताने १९९२ सालीच स्वीकारला आणि त्याचा १२ वा अनुच्छेद मुलाला थेट किंवा प्रतिनिधीमार्फत ऐकून घ्या असंच सांगतो.

तेव्हा त्या तुमच्या विरुद्ध नाहीत. तुमच्या बाजूच्याही नाहीत, आणि हे पचायला जास्त जड जाईल. मुलगी तुमच्याजवळ राहते म्हणून तिची वकीलही आपली, असं आयांना वाटून जातं. तसं वागायला गेलात तर पुढच्याच तारखेला नवऱ्याचे वकील ते कोर्टापुढे मांडतील.

आता एक गोष्ट, जी तुमच्या वकिलांनी या आठवड्यात करायला हवी. हुकुमाची सर्टिफाइड कॉपी काढून तो शब्दन् शब्द वाचा. कोर्टाने या बाईंना मुलीतर्फे वकील म्हणून नेमलंय, की कोर्टाला मदत करायला ॲमिकस म्हणून? कलम १३ मध्ये ॲमिकसचीही सोय आहे आणि दोन्हींत मोठा फरक आहे. ॲमिकस कोर्टाला सांगेल की सगळं पाहता मुलीच्या हिताचं काय. मुलीचा वकील मात्र निदान माझ्या मते मुलीचं म्हणणं मांडायला बांधलेला असतो, ते त्याला स्वतःला शहाणपणाचं वाटो न वाटो. ‘माझ्या मते’ म्हणते, कारण मुलाची इच्छा मांडायची की मुलाचं हित, याचं उत्तर कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. हुकूम मोघम असेल तर एक पानाचा अर्ज द्या: वकीलबाईंचं काम नेमकं काय, त्यांनी लेखी म्हणणं द्यायचं की अहवाल, त्याची प्रत दोन्ही पक्षांना मिळणार का, त्यावर ‘से’, म्हणजे आपलं लेखी उत्तर, देता येईल का, साक्षीदारांचा उलटतपास त्या घेणार का. अशा अर्जाला समोरच्याचा विरोध असायचं कारण नाही. असला तरी कोर्टाच्या नजरेत तुमची बाजू सरळ दिसेल.

समजा, मुलगी म्हणाली ‘मला आईकडेच राहायचंय’, किंवा तुम्हाला नको असलेलं उलट बोलली, तर त्यावरच निकाल लागतो का? नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० चं कलम १७(३) म्हणतं, मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. किती वर्षांचं म्हणजे मोठं, हे कलमात नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६, ज्याखाली बहुधा तुमच्या नवऱ्याचा अर्ज असेल, तेही शक्य असेल तिथे मुलांच्या इच्छेनुसार हुकूम करा म्हणतं. शेवटची कसोटी मात्र मुलीच्या कल्याणाची. सुप्रीम कोर्टाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात बजावलं होतं की मुलं ही आईबापांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत. वकीलबाईंचं निवेदन म्हणजे पुरावा नव्हे. ते पटलं नाही तर त्यावर म्हणणं द्या आणि जज मॅडमनी मुलीशी स्वतः चेंबरमध्ये बोलावं अशी विनंती करा.

मावसभावाचं म्हणाल तर विषय इथेच सोडा. अकरा वर्षांच्या मुलीने वकीलपत्रावर केलेल्या सहीला कायद्यात किंमत नाही आणि तुमच्या नात्यातला माणूस तिचा ‘स्वतंत्र’ वकील असूच शकत नाही. नेमलेल्या बाईंचं नवऱ्याकडच्यांशी काही लागेबांधे असल्याचं ठोस काही हातात असेल तरच बदलून मागा. ‘आम्हाला विचारलं नाही’ हे कारण पुरत नाही.

फीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला आणि मूल, दोघांनाही उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. म्हणजे पगार अठरा हजार असो की ऐंशी हजार. दोन रस्ते आहेत: तुमच्या वाट्याची फी नवऱ्याने भरावी असा अर्ज पगाराची स्लिप जोडून करा, किंवा मुलीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील द्यावा असं सुचवा. मी तुमच्या जागी असते तर पहिला रस्ता धरला असता, कारण एकदा मुलीशी सूर जुळलेला वकील पैशापायी बदलणं तिच्यासाठी वाईट. हुकूम बदलेपर्यंत फी थकवू मात्र नका, मुदतवाढ मागून घ्या.

वकीलबाई मुलीला एकटीला भेटायला मागतील. भेटू द्या, आणि घरीच भेट असेल तर तेवढा वेळ खाली चक्कर मारून या. परत आल्यावर ‘काय विचारलं गं?’ हे विचारू नका. तो संवाद तिचा आणि तिच्या वकिलाचा आहे, तसाच गुप्त, जसा तुमचा तुमच्या वकिलाशी. बाईंना थेट व्हॉट्सॲपवर शाळेचे रिपोर्ट, नवऱ्याचे जुने मेसेज पाठवत बसू नका. तुम्हाला वकील असताना केसबद्दलचं बोलणं तुमच्या वकिलांमार्फतच व्हायला हवं, बार कौन्सिलचे नियमही तेच सांगतात.

शनिवारच्या भेटींबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला मात्र खरी काळजी त्याचीच आहे. वकील नेमला म्हणून भेटीचा हुकूम थांबत नाही. मुलगी नाही म्हणते हे खरं असेल, पण चार महिन्यांचा कोरा कागद समोर ठेवून नवरा म्हणणार की आईनेच मुलीचं मन कलुषित केलं. सुप्रीम कोर्टाने २०१७ सालच्या विवेक सिंह निकालात याच धोक्याची दखल घेतली आहे. तिथे ताबा शेवटी आईकडे गेला, पण आईबापांपैकी एकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध भरवणं मुलाला काय करतं, हे कोर्टाने स्पष्ट लिहिलं. म्हणून येत्या शनिवारी मुलीला ठरल्या वेळी, ठरल्या जागी घेऊन जा. तिने आत जायला नकार दिला तर ओढाताण करू नका, पण तुम्ही तिथे होतात हे दिसू द्या आणि दुसऱ्याच दिवशी तुमच्या वकिलांना तारीख-वेळेसह कळवा. भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, काउन्सेलरच्या नजरेखाली आणि कमी वेळाची व्हावी, असा बदल मागणारा अर्ज त्या एक पानी अर्जाबरोबरच देता येईल.

मुलीला सांगायचं असेल तर इतकंच सांगा: या ताई तुझ्या आहेत, माझ्या नाहीत आणि बाबांच्याही नाहीत, तू त्यांच्याशी काहीही बोललीस तरी घरी कुणी रागावणार नाही. आणि मग खरंच रागावू नका.