हाक, पडसाद आणि मेंदूतला नकाशा

प्रश्न: वटवाघूळ पडसाद ऐकून अडथळा टाळतं, हे ठाऊक आहे. पण आपण नेमके कुठे आहोत, हे त्याच्या मेंदूला त्यावरून कसं कळतं? आमच्या गावच्या वडावरची मोठी वटवाघळंही असंच करतात का? – एक वाचक, सातारा

उत्तर: आधी अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मीटरवरच्या भिंतीचा पडसाद साधारण ५.८ मिलिसेकंदांत परततो. मेंदूच्या श्रवणभागातल्या काही पेशी हाक आणि पडसाद यांमधल्या ठरावीक विलंबालाच चेततात. कोणती पेशी चेतली, त्यावरून अंतर कळतं.

‘मी कुठे आहे’ हे मात्र हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या दुसऱ्या भागाचं काम. तिथली प्रत्येक स्थानपेशी प्राणी विशिष्ट जागी आला की चेतते. उलानोव्स्की आणि मॉस या संशोधकांनी अमेरिकेतल्या कीटकभक्षी तपकिरी वटवाघळांना रांगायला लावून या पेशींची नोंद घेतली. हाक दिल्याबरोबर पेशीची ‘जागा’, म्हणजे ती जिथे चेतते तो भाग, रेखीव असते, काहीशे मिलिसेकंदांत ती पसरट होते आणि पुढच्या हाकेने पुन्हा रेखीव! या साऱ्या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा निष्कर्ष हाच. नकाशा डोक्यात कायम असतो, पण त्याची धार प्रत्येक हाकेसरशी नव्याने लागते.

मग सतत हाका का नाही मारायच्या? किडा टप्प्यात आला की हाका सेकंदाला दीडशेच्या पुढे जातात, मधलं अंतर जेमतेम ६ मिलिसेकंद. अशा वेळी १ मीटरपलीकडचा पडसाद पुढची हाक सुटल्यावर पोचतो, आणि तो कोणत्या हाकेचा, असा घोटाळा होतो. हाक लांबली तर ती जवळच्या पडसादावरच चढते, म्हणून शेवटच्या टप्प्यात ती अगदी आखूड होते. लांबचं पाहायचं तर हाका विरळच हव्यात.

इजिप्तचं फळवटवाघूळ जिभेने टिकटिक करतं आणि डोळेही वापरतं. त्याच खोलीत उजेडात आणि काळोखात उडताना त्याच्या बऱ्याच स्थानपेशींची जागा बदलते, असं २०१६ मध्ये दिसलं. खोली तीच, पण डोळ्यांचा नकाशा वेगळा आणि कानांचा वेगळा.

वडावर उलटी लटकणारी आपली मोठी फळवटवाघळं मात्र अशा हाका मारतच नाहीत. त्यांची भिस्त डोळ्यांवर आणि नाकावर. झाडावरचा कलकलाट हा त्यांचा आपापसातला असतो.