प्री-टॅक्स नफा ५० टक्के वाढला म्हणजे बँक सुधारली का?

तुमचे दोन प्रश्न आहेत, एका अमेरिकन रीजनल बँकेचा प्री-टॅक्स नफा, म्हणजे टॅक्स वजा करण्याआधीचा नफा, वर्षात ५० टक्के वाढला तर बँक सुधारली म्हणायचं का, आणि नेट प्रॉफिट (टॅक्स गेल्यावर उरणारा नफा) सोडून लोक प्री-टॅक्स का बघतात. दुसरा सोपा आहे म्हणून तो आधी घेतो. टॅक्सचा आकडा कधीकधी बँकेच्या धंद्याशी काही संबंध नसताना हलतो. डिसेंबर २०१७ मध्ये तिकडे कंपन्यांचा टॅक्स ३५ वरून २१ टक्क्यांवर आणणारा कायदा झाला आणि ज्या बँकांच्या पुस्तकात डिफर्ड टॅक्स अ‍ॅसेट, म्हणजे पुढच्या वर्षांत वाचणाऱ्या टॅक्सची आधीच धरलेली रक्कम, होते त्यांना त्यांची किंमत लगेच कमी करावी लागली. कर्जदार तेच, ठेवीदार तेच, तरी त्या तिमाहीचा नेट प्रॉफिट आपटला. असल्या वेळी प्री-टॅक्सच बघावा.

आता मुख्य मुद्दा. हे आकडे फक्त समजायला घेतलेत हां. मागच्या वर्षी बँकेचं निव्वळ व्याज उत्पन्न (मिळालेलं व्याज वजा दिलेलं व्याज) १००, फी वगैरे ३०, खर्च ८०, म्हणजे हातात राहिले ५०. त्यातून बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी २० ची प्रोव्हिजन केली, म्हणजे तेवढे बाजूला काढून ठेवले, प्री-टॅक्स ३०. यंदा व्याज ९५, फी ३०, खर्च ८२, हातात ४३. पण यंदा प्रोव्हिजन केलीच नाही, उलट जुन्यातले २ परत नफ्यात घेतले, प्री-टॅक्स ४५. झाली की ५० टक्के वाढ! आणि बँकेची मूळ कमाई मात्र ५० वरून ४३ वर घसरली. २०२१ मध्ये असं बऱ्याच बँकांचं झालं, कारण २०२० मध्ये कोविडच्या धास्तीने भरपूर प्रोव्हिजन केली होती आणि तेवढी कर्जं बुडलीच नाहीत. यात लबाडी काही नाही, पण ही कमाई दरवर्षी येणार नाही हे डोक्यात ठेवा.

उलटंही होतं. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाने मोठ्या बँकांवर खास आकारणी लावली, ती खर्चात गेली आणि चांगल्या चाललेल्या बँकांचाही प्री-टॅक्स खाली दिसला.

आणि एक गोष्ट प्री-टॅक्समध्ये दिसतच नाही, ती मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून घेतलेले बॉण्ड, ज्यांना एचटीएम म्हणतात, व्याजदर वाढले की त्यांची बाजारातली किंमत पडते पण तो तोटा नफ्या-तोट्याच्या पत्रकात येत नाही, फक्त हिशोबाला जोडलेल्या टिपांमध्ये असतो. सिलिकॉन व्हॅली बँकेने २०२२ ला दीड अब्ज डॉलरच्या आसपास नफा दाखवला होता, आणि टिपांमध्ये एचटीएमवरचा न दाखवलेला तोटा सुमारे १५ अब्ज होता, म्हणजे बँकेचं स्वतःचं भांडवल जवळजवळ तेवढंच! ठेवीदार घाबरले, ९ मार्च २०२३ ला त्यांच्याकडून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायच्या ऑर्डर आल्या आणि १० तारखेला बँक बंद.

त्यामुळे तुमच्या बँकेचे मागच्या आठ तिमाहींचे आकडे काढा, प्रोव्हिजनच्या आधीचा नफा एका कॉलममध्ये, प्रोव्हिजन दुसऱ्यात आणि खरोखर राइट-ऑफ केलेली, म्हणजे बुडाली म्हणून पुस्तकातून काढलेली, कर्जं तिसऱ्यात. राइट-ऑफ वाढतायत आणि प्रोव्हिजन कमी होतेय असं दिसलं तर मी तरी त्या ५० टक्क्यांवर एक पैसा लावणार नाही. तीन कॉलम इथे टाका, मी बघतो.