कुलाब्यापासून खारघरपर्यंत

प्रिय पोरी,

तुझी यादी मिळाली. मुंबई परिसरातली कणत्वरक (कणांना वेग देणारी यंत्रं, म्हणजे ॲक्सिलरेटर) केंद्रं म्हणून तू आठ नावं लिहिलीस, त्यातली तीन आधी खोड. ध्रुव ही अणुभट्टी आहे. तिथे न्यूट्रॉन विखंडनातून सुटतात, त्यांना कुणी पळवत नाही. आयसोमेडमध्ये कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय सामान निर्जंतुक करतात. आणि हिंगोलीचा लायगो प्रकल्प तर लेझरचा, आपल्या गावचाही नाही. पुढच्या वेळी नाव लिहिण्याआधी एवढंच विचार: इथे विद्युतभार असलेला कण आहे का, त्याला विजेने ढकलतात का, आणि बटण बंद केलं की सगळं थांबतं का? कोबाल्ट बटणाला जुमानत नाही.

आता तुझा खरा प्रश्न. 'मोठं काही पाहायचं तर जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेलाच जावं लागणार ना?' असं तू लिहिलंस, ते वाचून हसू आलं. तू चर्चगेटला उतरून कॉलेजला जातेस. तिथून बसने नेव्हीनगरच्या टोकाला गेलीस की टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात पेलेट्रॉन नावाचा त्वरक उभा आहे. शब्दशः उभा. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांचं हे सामायिक यंत्र 1988 च्या अखेरीला सुरू झालं. स्टीलच्या गोळ्या नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेली साखळी विद्युतभार वर वाहून नेते, म्हणून पेलेट्रॉन. टाकीच्या मध्यावर 1 कोटी 40 लाख व्होल्टपर्यंत दाब चढतो. ठिणगी पडू नये म्हणून टाकीत सल्फर हेक्झाफ्लुओराइड वायू भरलेला असतो.

गंमत पुढेच आहे. वरून ऋणभारित आयन (एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेला अणू) सोडतात, मध्यावरचा धनभार त्याला खेचतो. तिथे कार्बनचा एक अतिपातळ पापुद्रा असतो, त्यातून जाताना आयनाचे इलेक्ट्रॉन सोलले जातात. आत ऋण असलेला पाहुणा धन होऊन बाहेर निघतो आणि तोच व्होल्टेज त्याला आता खाली ढकलतो. ऑक्सिजनचा जादाचा इलेक्ट्रॉन आणि स्वतःचे सात गेले, म्हणजे त्यावर सात धनभार उरले असं धर. खेचताना 14, ढकलताना चौदा साती अठ्ठ्याण्णव, मिळून 112 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. पाढ्यांचं गणित आहे, वहीत करून बघ. त्यापुढे ऊर्जा आणखी वाढवायला अतिसंवाहक (थंडीत विजेचा रोध जवळजवळ नाहीसा होणारा) लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतला त्वरक आहे. तांब्याच्या पोकळ्यांना आतून शिशाचा मुलामा देऊन त्या द्रव हेलियमने उणे 269 अंशांपर्यंत गार करतात. अशा 28 पोकळ्यांची रांग 2007 मध्ये पूर्ण झाली. शिसं! आपल्याकडे जस्त-शिसं म्हटलं की भंगारवाला आठवतो.

तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला (नवी मुंबईतल्या तुर्भे स्टेशनवर उतरू नकोस, माझ्या एका विद्यार्थ्याने हा पराक्रम केला आहे), भाभा केंद्रात फोटिया हा त्वरक आहे. जुन्या व्हॅन डी ग्राफ त्वरकाची टाकी टाकून न देता तिच्यातच 60 लाख व्होल्टचं नवं यंत्र बसवलं. आयन वर जातो, आतल्या चुंबकाने 180 अंशांत वळतो आणि खाली परततो. 2000 सालापासून त्यातून बीम, म्हणजे कणांचा झोत, मिळतो आहे. जागा नसली की मुंबईकर पोटमाळा काढतो, तसाच हा प्रकार. तिथेच प्रोटॉनला 20 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेणारा लेहिपा त्वरक आहे.

हॉस्पिटलं मात्र तू साफ विसरलीस. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन (कणांना गोल फिरवत वेग देणारं यंत्र) आला. पेट स्कॅनला लागणारं किरणोत्सारी फ्लोरिन-18 त्यात बनतं आणि दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. सायनच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तर पेशंटपर्यंत काय पोचणार? म्हणून हे यंत्र दवाखान्याच्या जवळच लागतं. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात कर्करोगावर प्रोटॉनने उपचार होतात, आणि खारघरलाच भाभा केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने केबलवरचं प्लास्टिक उष्णता सोसण्याइतकं चिवट होतं.

यावरून शोधायची रीत लक्षात आली असेल. 'ॲक्सिलरेटर' हा शब्द दारावर क्वचितच असतो. बीम कुणाला लागतो ते विचार. आणि शोधनिबंध वाचताना थेट प्रयोगाच्या परिच्छेदाकडे जा. तिथे यंत्राचं नाव आणि बीमची ऊर्जा एकाच वाक्यात सापडते. मग शेवटचे आभार वाच. मशीन चालवणाऱ्या चमूचे आभार असतात, त्यावरून कळतं की बाहेरच्यांना तिथे बीम टाइम, म्हणजे यंत्र वापरायला ठरावीक वेळ, मिळतो का.

बीम टाइमवरून आठवलं. मी तुझ्याएवढा असताना दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत रात्रपाळीला होतो. आमच्या गटाला मोजून पाच दिवस मिळाले होते. बीम टार्गेटवर आणण्याआधी वाटेत क्वार्ट्झची तबकडी घालायची. तिच्यावर शेंगदाण्याएवढा निळसर ठिपका चमकायचा आणि तो छोट्या टीव्हीवर बघत चुंबकांचे खुंटे फिरवायचे. पहिल्यांदा तो ठिपका दिसला तेव्हा मी श्वास घ्यायचा विसरलो होतो. तिसऱ्या रात्री मात्र पंपांच्या घरघरीत डोळा लागला. बीम टार्गेटवरून सरकला आणि पहाटे चारपर्यंत डिटेक्टर शून्याच्या आसपास मोजत राहिला. लॉगबुकात त्या दोन तासांपुढे मी 'बीम अस्थिर' असं लिहिलं. बीम बिचारा स्थिर होता, अस्थिर मी होतो. सरांना दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त थर्मास माझ्या टेबलावर ठेवून गेले.

म्हणून सांगतो, यंत्र बघून येणं वेगळं आणि त्याच्यापाशी रात्र काढणं वेगळं. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास टीआयएफआर बऱ्याचदा लोकांसाठी खुलं असतं, तेव्हा जरूर जा. पण खरी मेहनत व्हीएसआरपी या टीआयएफआरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी संशोधन उपक्रमाच्या अर्जावर घे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा निअस उपक्रमही तुझ्यासारख्या पदवीच्या मुलांसाठीच आहे. अर्जात 'लहानपणापासून विज्ञानाची आवड' वगैरे लिहू नकोस, सगळेच लिहितात. वरचं ऑक्सिजनचं गणित कार्बनसाठी कर, सहाच्या सहा इलेक्ट्रॉन गेले असं धरून, आणि उत्तर मला रविवारी दाखव. येताना ती आठ नावांची यादी आण, खोडलेल्या तीनसकट.

तुझे,
सर